जोड्या लावा: ध्वनिदर्शक शब्द आणि कर्जत-खालापूरचा कान

आजचा विषय तसा शाळेतला आहे. पाचवी-सहावीच्या व्याकरणात 'ध्वनिदर्शक शब्द' नावाची एक यादी असते, ती आपण सगळ्यांनी पाठ केली आहे. पाण्याचा खळखळाट, पानांची सळसळ, ढगांचा गडगडाट, विजांचा कडकडाट, बांगड्यांची किणकिण, घंटेची घणघण. परीक्षेत 'जोड्या लावा' म्हणून येते आणि हमखास पूर्ण गुण देऊन जाते.

आमची तक्रार त्या यादीतल्या शब्दांबद्दल नाही. शब्द उत्तमच आहेत. तक्रार आहे ती 'जोडी' या कल्पनेबद्दल. एका वस्तूचा एकच आवाज आणि त्या आवाजाला एकच मालक, असं ही यादी शिकवते. पुढे तेच आपल्या निबंधांत, बातम्यांत, कवितांत उतरतं. पाणी आलं की ते खळखळणारच, पानं आली की सळसळणारच. आज आपण हे शब्द कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत नेऊन तपासणार आहोत. कारण इथे घाट आहे, नद्या आहेत, रेल्वे आहे, आणि पाऊस तर आहेच. आवाजांचा तोटा नाही.

आधी एक जुना वाद सांगतो, कारण तो अजून मिटलेला नाही. यास्काच्या निरुक्तात 'काक' या शब्दाची चर्चा आहे. यास्काचं म्हणणं सरळ आहे: हे आवाजाचं अनुकरण आहे, आणि पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळदा होतं. पण तिथेच तो औपमन्यव नावाच्या आचार्याचं मतही नोंदवतो. औपमन्यव म्हणतो, शब्दानुकृती म्हणून काही नसतंच. काक हा शब्दही धातूवरून सिद्ध करता येतो. म्हणजे कावळा 'का' म्हणतो म्हणून तो काक, हे बाळगोपाळांना कळणारं उत्तर त्याला मान्य नाही. पाणिनीने मात्र अशा शब्दांना व्याकरणात जागा दिली. 'अव्यक्त' ध्वनीचं, म्हणजे ज्यात अक्षरं वेगळी ऐकू येत नाहीत अशा आवाजाचं अनुकरण कसं चालवायचं, याचे नियमच त्याने केले.

विसाव्या शतकात सोस्यूरने औपमन्यवाच्या बाजूला वजन टाकलं. १९१६ साली, त्याच्या मृत्यूनंतर, त्याची व्याख्यानं पुस्तकरूपाने आली. त्यांत तो म्हणतो की शब्द आणि अर्थ यांचं नातं संकेताचं असतं, आणि अनुकरणाचे शब्द भाषेच्या काठावर, थोडेसेच असतात. फ्रेंचपुरतं ते खरं असेलही. मराठीपुरतं ते खरं नाही, एवढं आम्ही सुरुवातीलाच सांगून ठेवतो. मराठीत हे शब्द काठावर नाहीत. ते स्वयंपाकघरात आहेत, शेतात आहेत, दवाखान्यात आहेत.

आता पावशा घ्या. उन्हाळा संपत आला की कर्जतच्या झाडीत पावशा ओरडायला लागतो. चढत जाणारा, पुन्हा पुन्हा येणारा, कधीकधी रात्रीही न थांबणारा आवाज. मराठी माणसाला तो ऐकू येतो 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा'. हिंदी मुलखात तोच पक्षी 'पी कहाँ' विचारतो. बंगालीत तो 'चोख गेलो' म्हणतो, म्हणजे डोळा गेला. आणि इंग्रज साहेबाला उकाड्यात झोप लागेना, तेव्हा त्याला ऐकू आलं 'ब्रेनफीव्हर', मेंदूचा ताप. पक्षी एकच, गळा एकच.

यावरून औपमन्यव जिंकला असं वाटेल. चार भाषांत चार शब्द, मग अनुकरण कुठे राहिलं? पण नीट ऐका. चारही ठिकाणी अक्षरं तीन किंवा चार, आणि म्हणताना आवाज वर चढतो. 'पेर्ते व्हा'मध्ये जोर जिथे पडतो तिथेच पक्ष्याचाही पडतो. म्हणजे ताल आणि चढ पक्ष्याचा आहे. त्यात भरलेला मजकूर मात्र ऐकणाऱ्याच्या काळजीचा आहे. ज्याचं राब भाजून झालंय आणि जो आभाळाकडे बघत बसलाय, त्यालाच 'पेर्ते व्हा' ऐकू येतं. ज्याचं माणूस दूर आहे त्याला 'पी कहाँ'. अनुकरणवाचक शब्दात अर्धा वाटा आवाजाचा असतो आणि अर्धा कानाचा. आजच्या व्याख्यानातला एकच मुद्दा लक्षात ठेवायचा तर हा ठेवा.

आता मराठीची व्यवस्था बघू. 'टप' घ्या. एकच थेंब पडला तर 'टपकन'. थेंब पडत राहिले तर 'टपटप'. भराभर पडले तर 'टपाटप', मधला आकार लांबला की वेग वाढतो. क्रियापद करायचं तर 'टपटपणे' किंवा 'टपकणे'. थेंब बारीक असेल तर 'टिपटिप'. 'इ' आली की वस्तू लहान होते, 'अ' आला की मोठी. बांगडी किणकिणते, नाणं खणखणतं, देवळातली मोठी घंटा घणघणते. क, ख, घ आणि इकडे इ, अ. जणू वजनाचा काटा आहे. खिशातली चिल्लर खुळखुळते, नदी खळखळते. पोराच्या हातातला 'खुळखुळा' हे या क्रियापदाचंच नाम. आणि माळावर एक पिवळ्या फुलांचं रोप असतं, त्याच्या वाळलेल्या शेंगांत बिया वाजतात, म्हणून त्या रोपाचंही नाव खुळखुळा.

ही व्यवस्था मोल्सवर्थला चांगली कळली होती. त्याच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. त्यात असे शब्द आले की तो 'अनुकरण' अशी खूण करतो, आणि 'कन, कर, दिनी, दिशी' हे शेवट एका ओळीत मांडतो. 'खटकन' आणि 'खटदिशी' यांत काय फरक, हे आज आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? आपल्या मते 'कन' आवाजाकडे बघतो आणि 'दिशी' झटक्याकडे. 'फाटदिशी कानाखाली बसली' यात आवाजापेक्षा अचानकपणा जास्त आहे. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने हे शेवट वेगळे टिपून ठेवले, आणि आपण शाळेत 'जोड्या लावा'वर थांबलो.

आणखी एक गोष्ट. ही व्यवस्था एकट्या मराठीची नाही. १९६९ साली एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने एक लेख लिहिला. भारतातल्या भाषा वेगवेगळ्या कुळांतल्या असल्या तरी अशा दुहेरी अनुकरणशब्दांची रीत त्यांच्यात सामाईक आहे, असं त्याने दाखवलं. आपलं पाणी झुळझुळ वाहतं, कानडी पाणी जुळुजुळु वाहतं. एक भाषा आर्य कुळातली, दुसरी द्राविड. शेजाऱ्यांनी हजारो वर्षं एकमेकांचे शब्द नुसते घेतले नाहीत, ऐकण्याची पद्धतही घेतली. 'काठावरचे थोडेसे शब्द' म्हणणाऱ्या सोस्यूरला हे उत्तर पुरेसं आहे.

आता पाण्याकडे येऊ, म्हणजे आपल्या यादीतल्या पहिल्याच जोडीकडे.

उल्हास नदी घाटमाथ्याकडून उतरते, कर्जतवरून, नेरळवरून पुढे बदलापूर, कल्याणकडे जाते. पावसाळ्यात ती खळखळत नाही. श्रावणातल्या उल्हासच्या काठी उभं राहून 'खळखळ' म्हणून बघा, हसू येईल. ती घोंघावते, तिला 'लोंढा' असतो. खळखळतं ते उथळ पाणी, दगडांतून वाट काढणारं. आपल्याकडे म्हणच आहे, उथळ पाण्याला खळखळाट फार. म्हणजे भाषेला माहीत आहे की खळखळाट सगळ्या पाण्याचा नाही, उथळ पाण्याचा आहे. म्हण शहाणी आहे, यादी नाही.

बरं, उन्हाळ्यात? उल्हास बारीक होते, डोहांत थांबते. पण तिला मिळणारी पेज नदी एप्रिल-मेमध्येसुद्धा वाहते. का? कारण भिवपुरीला टाटांचं जलविद्युत केंद्र आहे, १९२२ सालचं. वरच्या धरणातलं पाणी वीज करून खाली पेजेत सुटतं. त्याच पाण्यावर राजनाल्याने कर्जतमधली कितीतरी शेती उन्हाळ्यात पुन्हा भात घेते. तिकडे खालापूर तालुक्यात खोपोलीचं केंद्र १९१५ सालचं, आणि त्याचं पाणी पाताळगंगेला. म्हणजे चैत्रातल्या पेजेचा आवाज हा निसर्गाचा आवाज म्हणून कवितेत घालायचा तर जरा जपून. वीज किती करायची त्यावर तिथलं पाणी कमी-जास्त होतं. 'खळखळाट' शब्द तोच राहिला, पण त्याच्या मागे आता चक्र फिरतं, आणि ते कोण फिरवतं हे शब्द सांगत नाही.

आणि 'धबधबा'! हा शब्द तर आपण ऐकणंच सोडून दिलंय. धब-धब हा सरळ आवाज आहे, उंचावरून जड काहीतरी पडण्याचा. त्याचं नाम झालं, नकाशावर गेलं, शनिवार-रविवारच्या गर्दीत गेलं. जुलैमध्ये मुंबई-पुण्याची माणसं इथे येतात ती 'धबधब्यावर' येतात. तिथे धबधब ऐकायला किती जण थांबतात, हा प्रश्न वेगळा, कारण स्पीकरची धडधड जास्त मोठी असते. अनुकरणाचा शब्द फार वापरात आला की तो साधं नाम होतो. फटफटीचंही तेच झालं. इंजिनाचा आवाज बदलला, गाडी बदलली, तरी जुनी माणसं अजून फटफटीच म्हणतात.

पावसाचं तर कोठारच आहे. भुरभुर, झिमझिम, रिमझिम, पिरपिर, रिपरिप, सरसर, धो धो, बदाबदा. ह्यातला प्रत्येक शब्द शेतकऱ्याला काहीतरी सांगतो. भुरभुरीने जमीन ओलीही होत नाही. रिपरिप लागली की लावणीला बरं, पण माणूस कंटाळतो, म्हणूनच माणसाच्या बोलण्यालाही आपण 'पिरपिर' म्हणतो. सर आली आणि गेली. बदाबदा आला तर बांध फुटायची भीती. निबंधात आणि बातमीत या सगळ्याचं एकच होतं: 'मुसळधार'. तो शब्द वाईट नाही. पण त्यात ऐकलेलं काही उरलेलं नाही.

रेल्वेची गोष्ट जरा वेगळी आहे. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. चढ असा की काही ठिकाणी ३७ फुटांमागे १ फूट. आजही पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात, ती गाडी ढकलत वर नेतात. वाफेच्या दोन सिलिंडरच्या इंजिनाचं चाक एकदा फिरलं की धुराड्यातून चार हिसके बाहेर पडतात. चढावर ते हिसके सुटे सुटे ऐकू येतात. आपलं 'झुकझुक' तिथून आलं. शब्द अचूक होता.

पण घाटात वाफेचं राज्य फार टिकलं नाही. १९३० साली डेक्कन क्वीन सुरू झाली ती या घाटातून विजेवर. म्हणजे घाटाखालच्या पोरांना मुख्य मार्गावर झुकझुक ऐकू येणं थांबायला लागून नव्वदहून जास्त वर्षं झाली. पुढे रूळ सांधून लांब केले, तेव्हा सांध्यावरची ती खटक-खटकही विरळ झाली. तरी आज कर्जतच्या बालवाडीत गाडी म्हटली की पोरं एकमेकांचे सदरे धरून झुकझुकच करतात. ग. दि. माडगूळकरांचं अगीनगाडीचं बालगीत प्रत्येक घरात आहे, आणि ते असायलाच हवं. त्यातल्या झुकझुकीचं आज काम वेगळं आहे. तो गाडीचा आवाज उरलेला नाही, तो आता खेळाचा ठेका आहे, पाय कसे टाकायचे ते सांगणारा.

यात टीका करण्यासारखं आम्हाला एकच दिसतं. जुना शब्द जपला, ठीक. पण नवा का घडवला नाही? विजेचं इंजिन उभं असताना जो एकसारखा हुंकार देतं, लोकलचे ब्रेक सुटताना जो सुस्कारा येतो, त्याला आपल्या कवींनी रुळलेला शब्द दिलेला नाही. द्रुतगती मार्गाच्या कडेला राहणाऱ्या खालापूरच्या माणसाला रात्रभर जे ऐकू येतं त्यालाही नाही. 'घरघर' म्हणावं तर ती जात्याची, 'सूं' म्हणावं तर ती वाऱ्याची. नव्वद वर्षांत कान नवे शब्द मागत होता आणि आपण त्याला आजोबांचे शब्द देत राहिलो.

इथे केशवसुतांची आठवण काढायला हवी. १९०० सालची 'सतारीचे बोल' ही कविता. सतारीचे बोल म्हणजे वादकांनी ठरवलेली अक्षरं, एक प्रकारची अनुकरणाचीच लिपी. केशवसुत तेच बोल कवितेत पुन्हा पुन्हा आणतात. सुरुवातीला ऐकणारा माणूस उद्विग्न आहे, त्याला ते बोल नकोसे होतात. शेवटाला तेच बोल त्याला शांत करतात. अक्षर एकही बदललेलं नाही, बदललाय तो ऐकणारा. पावशाबद्दल जे म्हटलं तेच इथे आहे, अर्धा वाटा कानाचा. ध्वनिदर्शक शब्द सजावटीला वापरणारे कवी पुष्कळ आहेत. त्याच्याकडून असं काम करून घेणारे थोडे, म्हणून ही कविता मोठी.

आता जरा दवाखान्यात जाऊ. तुम्ही म्हणाल, समीक्षेच्या व्याख्यानात दवाखाना कशाला? कारण मराठीत अनुकरणाची रीत आवाजापाशी थांबत नाही. लखलख, झगमग हे डोळ्यांचे शब्द. झणझणीत, खुसखुशीत हे जिभेचे. आणि दुखण्याचे शब्द बघा. ठणकणं, ठुसठुसणं, चुरचुरणं, हुळहुळणं, शिवशिवणं, सणसणणं. यांत आवाज कुठे आहे? कुठेच नाही. पण रचना तीच. ठुसठुसतं ते आत पू धरल्यासारखं, थांबून थांबून. चुरचुरतं ते वरवर, कातडीला. वाडीवरून आलेली बाई डॉक्टरांना सांगते, 'पोटात गुडगुडतंय, छातीत धडधडतंय, आणि पायाला मुंग्या.' निम्मं निदान त्या शब्दांत असतं. कागदावर मात्र लिहिलं जातं 'पेशंटला त्रास होतो'. आणि 'घरघर लागली' एवढं घरच्यांनी म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

शेवटचा मुद्दा जड आहे, पण या तालुक्यांत बसून तो टाळता येणार नाही. १९ जुलै २०२३ची रात्र. खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी, ठाकरांची वाडी, दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, बचावाची माणसं चालत वर गेली. तीन दिवसांत त्या भागात ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचा आकडा सरकारने विधानसभेत दिला. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असंही सांगितलं गेलं.

शब्द असते तर माणसं वाचली असती, असं आम्ही म्हणणार नाही. ते क्रूर होईल आणि खोटंही. माणसं झोपली होती, रात्र होती, डोंगर वर होता. जबाबदारी यादीची, पाहणीची, पुनर्वसनाची आहे, शब्दांची नाही. पण एक गोष्ट इथे भाषेची आहे आणि ती सांगायला हवी. दरडीच्या धोक्याबद्दल जगभर ज्या सूचना दिल्या जातात, त्यांत आवाज येतोच. झाडं मोडल्याचा आवाज, दगडावर दगड आपटल्याचा आवाज, वाढत जाणारी गडगड. ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं, वाढणं किंवा कमी होणं. आता ह्याचं मराठी 'असामान्य आवाज आल्यास सतर्क राहावे' असं झालं, तर त्या वाक्याने काय कळलं? ज्या भाषेत कडकड, खडखड, गडगड, घरघर हे चार वेगळे आवाज आहेत, तिथे चौघांना मिळून 'असामान्य' म्हणणं हा आळस आहे. झाडं कडकडू लागली, डोंगरात दगड खडखडू लागले, जमिनीतून घरघर आली, वहाळ एकाएकी गप्प झाला, तर घर सोडा. असं लिहिलं तर वाडीवरच्या म्हातारीलाही कळेल आणि तिच्या नातवालाही. मातीचंही तसंच. भुसभुशीत, पचपचीत, चिकचिकीत या तीन शब्दांत पाण्याचं प्रमाण आहे. अहवालात तिघांचं मिळून 'ओलसर' होतं.

मग करायचं काय? यादी फाडायची गरज नाही. प्रश्न बदलायचा. 'पाण्याचा ____' अशी रिकामी जागा देण्याऐवजी शिक्षकांनी विचारावं, तुमच्या वाडीजवळचं पाणी जूनमध्ये कसं वाजतं, भादव्यात कसं, मार्गशीर्षात कसं? कर्जत-खालापूरच्या वर्गांत ठाकर आणि कातकरी घरांतली पुष्कळ मुलं बसतात. त्यांच्या घरची बोली वेगळी आहे, आणि डोंगराचे आवाज त्यांच्या कानाला पुस्तक लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त ओळखीचे आहेत. त्यांनी सांगितलेला शब्द यादीत नसेल, तर तो चूक धरू नये, फळ्यावर लिहावा. 'जोड्या लावा'मध्ये ही मुलं चुकतात तेव्हा बऱ्याचदा चुकलेली असते ती जोडी.

आणि आपल्यासारख्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. लिहिताना 'खळखळ', 'सळसळ' आपोआप हातातून उतरली, तर क्षणभर थांबून विचारावं, हे आपण ऐकलं की पाठ केलं होतं? ऐकलं असेल तर ठेवावं. नसेल तर खोडावं, आणि खिडकी उघडून बघावं.

वेळ झाली. इथे थांबतो. तुमच्याकडच्या बोलीत पावसाला, पाण्याला, गाडीला वेगळे शब्द असतील तर आता प्रश्नोत्तरांत जरूर सांगा, ते आम्हाला हवे आहेत.